चक्क्याचं पाणी

दही फडक्यात बांधून टांगलं की पहिला अर्धा तास धार लागते, मग थेंब, आणि पाच-सहा तासांनी नुसती ओल. दह्याचा निम्म्याहून जास्त भाग खालच्या पातेल्यात येतो. हिरवट पिवळं, आंबूस पाणी. फडक्यात राहतो तो चक्का. मी चक्का विकते, पंधरा वर्षं झाली. नाशिकला सिडकोतल्या आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी मी काचा लावून बंद करून घेतली आहे. तिथे छताखाली लोखंडी पाइप आहे आणि पाइपला हुक आहेत. पाडवा आणि दसरा या दोन सणांना एकही हुक रिकामा नसतो. बाकी वर्षभर दोन मिठाईवाले आणि ओळखीची गिऱ्हाइकं असतात.

त्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. थोडं कणकेत, थोडं कढीत, बाकी मोरीत. एकदा कुंड्यांना घालून पाहिलं तर मुंग्या लागल्या आणि शेजारणीने वासाची तक्रार केली. तेव्हापासून सरळ मोरी.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी श्रावणात माझ्या सासूबाई पडल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या देवळ्याजवळ मळ्यात राहतात. मामंजी गेल्यापासून एकट्याच. धाकट्या दिराचं घर हाकेच्या अंतरावर आहे, पण चूल वेगळी आणि ती त्यांनीच वेगळी ठेवलेली. धुण्याच्या दगडाजवळ पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला आणून ऑपरेशन केलं, सळई घातली. चौथ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं आणि आठव्या दिवशी आमच्या मागच्या खोलीत आणलं.

हाड चांगलं जुळत होतं. अडचण मांसाची होती. सत्तरी ओलांडलेलं माणूस तीन आठवडे जवळजवळ झोपूनच राहिलं की मांड्या वितळल्यासारख्या होतात. हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. वॉकर हातात असला तर त्या चालायच्या. पण खुर्चीतून उठायला कुणीतरी काखेत हात घालावा लागायचा. मळ्यातल्या घराला तीन पायऱ्या, संडास अंगणापलीकडे. माझा नवरा आणि दीर दोघांनी फोनवर ठरवून टाकलं, की माय स्वतःहून उठायला लागली तर परत न्यायची, नाहीतर कायमची नाशिकला.

हा निर्णय त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. अशी कामं माझ्यावरच येतात.

"म्हंजे नाय उठले तं इथंच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ह्या खुराड्यात?"

"खुराडं तर खुराडं. पंखा आहे, नळाला पाणी आहे."

"कांदा लागणीपोतर उठते का नाय बघ."

उन्हाळ कांद्याची लागण आमच्याकडे पौषाच्या आगेमागे असते. म्हणजे हातात चार महिने होते. खरं सांगायचं तर त्या परत जाव्यात असं मलाही वाटत होतं. आमचं एकमेकींशी वाकडं नाही. पण दोन बायकांना आपापलं काम आपल्या पद्धतीने करायची सवय असली की एक स्वयंपाकघर पुरत नाही. दूध किती वेळ उकळायचं यावरून आमचं रोज वाजायचं.

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा घरी येत. तरुण, मितभाषी माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजी, एक परीक्षा आहे. हाताची घडी छातीवर घालायची आणि खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. जमेल त्या दिवशी मी तुम्हाला सोडलं." जाताना दाराशी मला म्हणाले, "व्यायाम मी देतो, पण प्रोटीन तुम्ही द्यायचं. त्याशिवाय मांडी भरणार नाही."

प्रोटीन म्हणजे अंडी, मटण, डाळी, दूध हे मला शाळेपासून माहीत होतं. आत्याबाईंनी माळ घातलेली, त्यामुळे अंडी-मटणाचं नाव नाही. दुधाने पोट जड होतं म्हणायच्या. उरली डाळ. डाळीचं पाणी मी आधीपासूनच देत होते. मूग शिजवून घोटायचे, जरा निवळू द्यायचे आणि वरचं पाणी जिरं-हिंग घालून वाटीभर. खालचा घट्ट भाग आमच्या दोघांच्या वरणात. आजारी माणसाला पातळ द्यायचं, भाताची पेज द्यायची, ही माझ्या आईकडची रीत आणि आत्याबाईंकडचीही. त्यावर विचार करावा असं त्यात काही वाटलं नव्हतं.

भाद्रपदात एक दिवस एक गिऱ्हाईक चक्का न्यायला आली. गंगापूर रोडला एका व्यायामशाळेत ती बायकांना वजनं उचलायला शिकवते. तिशीची, दंड माझ्या नवऱ्यापेक्षा जाड. मी तिचा डबा भरत होते आणि दुसऱ्या हाताने पातेलं मोरीत उपडं करत होते. ती ओरडलीच.

"काकू! काय करताय? व्हे फेकताय?"

"काय फेकतेय?"

"अहो, व्हे प्रोटीन! याचीच तर पावडर असते. आमच्याकडे पोरं डबेच्या डबे विकत घेतात. आणि तुम्ही मोरीत घालताय!"

तिने फोनवर डब्याचं चित्र दाखवलं. काळा, बादलीएवढा डबा. चीज करताना दूध फाटतं, घट्ट भागाचं चीज होतं आणि उरलेल्या पाण्यातून हे प्रोटीन काढतात, असं तिने समजावलं. तिचं म्हणणं चूक नव्हतं. तिने "काढतात" म्हटलं, मी "असतं" ऐकलं. कारखान्यात टँकरच्या टँकर पाणी गाळून, आटवून, सुकवून डबाभर पावडर निघते. हे मधलं सगळं मी सोडून दिलं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की पंधरा वर्षं मी सोन्यासारखी वस्तू मोरीत ओतली आणि आत खोलीत एक बाई मांड्यांत जीव यायची वाट पाहत पडली आहे.

त्या दिवसापासून पातेल्याच्या जागी स्टीलची स्वच्छ बरणी आली. सकाळी एक पेला, अकराला एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. चिमूट मीठ, भाजलेलं जिरं. पहिला पेला आत्याबाईंनी नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय गं, हे तं आम्ही म्हशीच्या आंबोणात घालायचो."

"प्या. ताकद आहे त्यात."

"मला काय म्हईस समजली का?"

"म्हैस तीन पायऱ्या चढते, आत्याबाई. तुम्ही चढत नाही."

त्या हसल्या आणि प्यायल्या. त्यांना पटलं म्हणून नाही, मळ्यात जायचं होतं म्हणून. त्यानंतर एकही दिवस त्यांनी पेला नाकारला नाही. उलट मला उशीर झाला तर आतून हाक यायची, "पाणी कुठंय माझं?"

नवरा अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "माय जेवत नाही हल्ली नीट." मी म्हणाले, "पोट भरलेलं असतं. प्रोटीनने पोट भरतं." हे मी इतक्या ठामपणे म्हटलं की त्याने पुन्हा विचारलं नाही. मी ठामपणे बोलले की आमच्या घरात चर्चा संपते. त्याचे फायदे आहेत, आणि तोटे कसे असतात ते त्या वर्षी कळलं.

नवरात्र आलं. आत्याबाईंचे नऊ दिवस उपवास, लग्नाआधीपासूनचे. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते. आत्याबाईंनी त्यांना न विचारता मला विचारलं. दसऱ्याच्या चक्क्याची गर्दी, सगळे हुक भरलेले, जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही, आणि पाणी तर बादल्यांनी. मी म्हटलं, "करा. हे पाणी उपवासाला चालतं. ताक चालतं, मग याला काय झालं? साबुदाणा थोडा खा आणि हे पाणी दोन पेले जास्त घ्या." नऊ दिवस त्या वाटीभर साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचा लाडू आणि माझ्या चक्क्याच्या पाण्यावर राहिल्या. त्याच नऊ दिवसांत मी मणावारी चक्का डब्यांत भरून गावभर पाठवला.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. आत्याबाईंनी हातांची घडी घातली, ओठ घट्ट मिटले आणि जोर लावला. उठल्या नाहीत. पुन्हा जोर लावला. बूड खुर्चीवरून इंचभर सुटलं आणि परत टेकलं. डॉक्टरांनी टेप काढून मांडी मोजली, वहीतला जुना आकडा पाहिला आणि म्हणाले, "कमी झाली." मग वजन केलं. तेही कमी झालं होतं.

"आजी, जेवता काय?"

"पाणी पिते," आत्याबाई म्हणाल्या. "लय पाणी पिते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बरणी दाखवली. त्यांनी वास घेतला आणि एका आहारतज्ज्ञ बाईंचा पत्ता लिहून दिला. त्या ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात बसायच्या. म्हणाले, उद्याच जा.

आत्याबाईंना घेऊन गेलो. आहारतज्ज्ञ बाई माझ्यापेक्षा वयाने लहान, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, मूत्रपिंड ठीक आहे म्हणाल्या आणि दिवसभरात काय काय पोटात जातं ते मला क्रमाने सांगायला लावलं. मी सांगितलं. त्या लिहीत गेल्या. डाळीचं पाणी ऐकल्यावर पेन थांबलं. चक्क्याचं पाणी ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, डाळ कोण खातं?"

"आम्ही दोघं."

"आणि चक्का?"

"तो विकते."

"म्हणजे डाळ तुम्हाला, चक्का गिऱ्हाइकांना आणि धुवण आजींना."

आत्याबाई मोठ्याने हसल्या. मला हसू आलं नाही.

मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. दुधात दोन जातींची प्रोटीनं असतात. एक केसीन, बरीच जास्त. दही लागतं ते या केसीनमुळे, आणि चक्का म्हणजे मुख्यतः तेच. दुसरी व्हेची, थोडी, ती पाण्याबरोबर जातात. उत्तम प्रोटीन आहे, गिऱ्हाईक बाई काही खोटं बोलली नव्हती. पण एका पेल्यात ते दोन ग्रॅमही भरत नाही. पेलाभर पाण्यात जेवढं आहे, त्याच्या कितीतरी पट मूठभर चक्क्यात.

"आणि दूध तुम्ही उकळून घेता ना विरजायच्या आधी?"

"चांगलं दहा मिनिटं."

"मग तर अजूनच कमी. तापवलं की व्हेची प्रोटीनं केसीनला जाऊन चिकटतात. ती पण चक्क्यातच राहिली. तुमच्या फडक्याने काही खाली सोडलंच नाही. पाण्यात राहिली साखर, क्षार आणि आंबटपणा."

उकळीवरून आमचं रोज वाजायचं हे मी सांगितलंच आहे. आत्याबाईंचं म्हणणं असायचं एक उकळी पुरे, माझं म्हणणं दहा मिनिटं, कारण त्याने चक्का घट्ट होतो. तो का घट्ट होतो ते मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही. दिवसभराचं सगळं पाणी मी सगळ्यात मोठ्या पातेल्यात ओतलं आणि गॅसवर आटवत ठेवलं. तीन तास लागले. स्वयंपाकघराच्या भिंती ओल्या झाल्या. तळाशी जे उरलं ते वाटीभर, पिवळसर तपकिरी, चिकट. बोटाने चाटून पाहिलं. आंबट, खारट आणि मागून जरा गोड. बाईंनी सांगितलेलंच, साखर आणि क्षार.

आत्याबाई वॉकर धरून दाराशी आल्या.

"निघालं का सोनं?"

"नाही."

"मंग?"

"माझी चूक झाली, आत्याबाई. महिनाभर तुम्हाला नको ते पाजलं आणि नको तेव्हा उपवास करू दिला."

"झाली तं झाली. पण दिवसातून पंधरा खेपा मोरीकडं नेलंस त्याचं काय?" त्या स्टुलावर टेकल्या. मी काखेत हात घालायला गेले तर झिडकारलं. मग म्हणाल्या, "तुझ्या मामंजींना मी शेवटी डाळीचं पाणीच पाजलं. दोन महिने. डाळ गड्यांना वाढायची. गडी कामाचे, म्हणून त्यांना घट्ट. हे तं पडलेलेच."

मामंजी कशाने गेले ते आम्हाला दोघींना माहीत होतं. त्याला डाळ पुरली नसती. मी तसं म्हणाले. त्यांनी मान हलवली. मी पातेलं घासायला घेतलं, कारण तळ लागला होता आणि वाळला असता तर दुसऱ्या दिवशी निघाला नसता.

दुसऱ्या सकाळपासून ताट बदललं. वरण घट्ट, चमचा उभा राहील असं. मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पिठलं. आणि चक्का, दुपारी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर. इथे पहिली अडचण आली. साखर घातलेला चक्का आत्याबाईंना चालेना. श्रीखंड म्हणजे लग्नातलं, ते रोज कोण खाणार? नुसता दिला तर म्हणाल्या, चुना खाल्ल्यासारखं वाटतं. तीन दिवस वाट्या अर्ध्या परत आल्या. बाईंनी सांगितलं होतं पावडरही चालेल, म्हणून नवऱ्याने काळा डबा आणला. आत्याबाईंनी डब्यावरच्या दंडवाल्या पुरुषाचं चित्र निरखून पाहिलं.

"ह्याच्यात अंडं नाय ना?"

"नाही, माय. दुधाचंच आहे," नवरा म्हणाला.

"मंग ह्याला कपडे घालायला काय झालं?"

डबा उघडलाच नाही. तो व्यायामशाळेतल्या बाईने निम्म्या किमतीत नेला.

तोडगा आत्याबाईंनीच काढला. एक दिवस त्या वॉकर घेऊन स्वयंपाकघरात आल्या, स्टुलावर बसल्या आणि मला हिरव्या मिरच्या भाजायला लावल्या. लसूण, मीठ, मिरची खलबत्त्यात ओबडधोबड ठेचली आणि तो ठेचा चक्क्यात कालवला. वरून शेंगदाण्याचा कूट. बाजरीच्या भाकरीबरोबर वाटी रिकामी झाली. मी चव घेतली तर डोळ्यांत पाणी आलं, पण वस्तू चांगली होती. पंधरा वर्षं चक्का करून मी तो कधी तिखट खाल्ला नव्हता. एकादशीला लसूण नको म्हणून जिरं-मिरची. म्हणजे उपवासाचाही प्रश्न सुटला. चक्का उपवासाला चालतो आणि पोटातही राहतो. उपवास सोडा असं मला त्यांना सांगावं लागलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुप्पट धरले असते.

दिवाळीच्या आधी आमच्या दूधवाल्याच्या गोठ्यात म्हैस व्याली. पारडाचं पोट भरून उरलेला चीक त्याने किटलीभर दिला. मी त्यात गूळ आणि वेलची घालून कुकरमध्ये ठेवायला निघाले, तर पाठीमागून आवाज.

"कितव्या दिवसाचा?"

"पहिल्या."

"निम्मं दूध घाल. नायतर रबर होईल, गाडीच्या टायरला लावशील."

निम्मं दूध घातलं. खरवस इतका मऊ झाला की सुरी नुसती ठेवली तरी आत जायची. पुढच्या खेपेला आहारतज्ज्ञ बाईंना हे सांगितलं तर त्या खूष झाल्या. चिकात व्हेची प्रोटीनं साध्या दुधापेक्षा खूपच जास्त असतात, म्हणाल्या, आणि ती तापवली की घट्ट होतात. म्हणून खरवसाला विरजण लागत नाही. "आजींना विचारा, त्यांना हे सगळं हाताने माहीत आहे. नावं फक्त आमची." आत्याबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, पुढची म्हईस व्याली की बोलाव."

कार्तिक संपला. मांडी टेपवर मिलीमीटरने वाढत होती. दिसायला काहीच फरक नव्हता आणि हेच आत्याबाईंना छळायचं. व्यायाम करताना त्या भिंतीशी बोलायच्या, पायाला शिव्या द्यायच्या. एकदा खुर्चीतून एका हाताच्या आधाराने उठल्या आणि दिवसभर धुसफुसत राहिल्या, कारण तो एक हात लागलाच. मी काही समजूत काढली नाही. समजुतीने मांडी भरत नाही. संध्याकाळची वाटी वेळेवर ठेवली.

मार्गशीर्षात दिराचा फोन आला. रोपं तयार झाली आहेत, लागणीच्या बाया पुढच्या पंधरवड्यात येतात. "मायला सांगू नका," तो म्हणाला. आत्याबाई फोनच्या शेजारीच बसलेल्या होत्या.

शुक्रवारी डॉक्टर आले. आत्याबाईंनी त्यांना बूट काढायलाही वेळ दिला नाही. "घ्या परीक्षा." खुर्ची भिंतीला लावली. डॉक्टरांनी फोनवर घड्याळ सुरू केलं. हातांची घडी. पहिल्यांदा उठल्या, त्यात इतका जोर लावला की पुढे झोक गेला. डॉक्टरांनी हात पुढे केला, लावला नाही. दुसऱ्यांदा नीट. तिसऱ्यांदा नीट. चौथ्यांदा गुडघे थरथरायला लागले. पाचव्या वेळी त्या अर्ध्यावर अडकल्या. ना वर, ना खाली. मी दारात उभी होते, हातात ओलं फडकं. नवरा त्या दिवशी मुद्दाम घरी थांबला होता, तो एक पाऊल पुढे आला. आत्याबाईंनी त्याच्याकडे न पाहता म्हटलं, "तिथंच राय." मान खाली घातली आणि एकेक बोट सरळ व्हावं तशा उभ्या राहिल्या.

"वेळ जरा जास्त लागला," डॉक्टर म्हणाले.

"मला कुठं गाडी पकडायची हाय?"

डॉक्टरांनी सोडलं. अटी घातल्या. व्यायाम चालू, अंगणात रात्री दिवा, संडासात धरायला दांडी, वॉकर घराबाहेर जाताना. आत्याबाईंनी सगळ्याला हो म्हटलं. दांडी दिराने बसवली. वॉकरचं काय होणार ते आम्हाला माहीत होतं.

पौषाच्या पहिल्या आठवड्यात गाडीने निघालो. मी बरोबर चक्का दिला नाही. दोन दिवसांत आंबला असता, आणि मळ्यात दूध आहे, विरजण आहे, फडकं आहे. फक्त जावेला सगळं समजावून सांगितलं, डाळीचंही. ती म्हणाली, "अगं बाई, मी पण पाणीच देणार होते."

मळ्यात पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. तीन पायऱ्या आत्याबाई भिंतीला हात लावून चढल्या. मध्ये एकदा थांबल्या. वर जाऊन घरात पाहिलं, चुलीवर हात फिरवला, जावेला विचारलं राख कोण काढत होतं. मग म्हणाल्या, बांधावर जाते. प्लास्टिकची खुर्ची नेली. वाफ्यांत आठ-दहा बाया वाकून रोपं लावत होत्या, पाटाला पाणी सोडलेलं. आत्याबाई खुर्चीत बसल्या आणि पाच मिनिटंही झाली नसतील, त्यांचा आवाज चढला.

"ए, कोण गं ती? लय दाट लावते! बोटाबोटाला लावलं तं कांदा पोसंल का?"

ती बाई म्हणाली, "आजी, दिसतं का तुम्हाला तिथून?"

आत्याबाई उठल्या. हात मांडीवरही नव्हते. बांधावरून दोन पावलं खाली, वाफ्याच्या कडेला. नवरा धावणार होता. मी त्याची बाही धरली. जमीन ओली होती, मलाही दिसत होतं. पण धरायला माणूस गेलं असतं तर त्या भांडल्या असत्या आणि भांडणात घसरल्या असत्या.

जावेने पिठलं-भाकरी केली. आम्ही जेवलो आणि चार वाजता निघालो, कारण अंधाराआधी नाशिक गाठायचं होतं. जाताना बांधाकडे पाहिलं. त्या पुन्हा वाफ्यात उभ्या होत्या, बाईला अंतर दाखवत. आम्ही हाक मारली. त्यांनी नुसती मान वर केली. हात हलवता येत नव्हता, दोन्ही हातांत रोपांच्या जुड्या होत्या.